अण्णांचं एक वर्ष आणि सत्तावीस मिनिटं



मागच्या वेळी गोपाळ मंदिराच्या चौकातल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी ‘आणखी लिहा’ म्हणून कळवलं. आज जरा हिशेबाचं लिहितो. जन्म बँकेत गेला, त्यामुळे हिशेब सुटत नाही. कंटाळा आला तर मधला भाग सोडून शेवट वाचा, रागावणार नाही.

गेल्या चैत्रात लष्करहून, म्हणजे ग्वाल्हेरहून, माझ्या चुलतभावानं एक पत्र्याची ट्रंक पाठवली. काकू गेल्यावर घर आवरताना निघाली. आत आजीची दोन लुगडी, पितळी करंडा, देवाच्या पोथ्या, आणि लाल फडक्यात गुंडाळलेली एक लांबलचक कागदी गुंडाळी. माझ्या वडिलांची, अण्णांची, जन्मपत्रिका. ती हरवली असंच आम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं समजत होतो. आजीनं शेवटची काही वर्षं काकांकडे काढली, तेव्हा ती तिच्याबरोबर गेली असणार.

ही पत्रिका १९८० साली हाताशी असती, तर काही उपयोग झाला असता की नाही सांगता येत नाही. पण त्या साली ती फार शोधली होती.

झालं असं. अण्णांचा वाढदिवस घरात तिथीनं व्हायचा, माघ शुद्ध पंचमी, वसंत पंचमीला. इंग्रजी तारीख २२ जानेवारी, ही आजोबांना पाठ. आणि साल? साल आजोबांनी सांगितलं ते संवतात, १९७९. ग्वाल्हेर संस्थानात व्यवहारच संवताचा. मॅट्रिकचा फॉर्म भरताना इंग्रजी साल घालायची वेळ आली, तेव्हा लिहिणाऱ्यानं ५७ वजा केले. १९७९ वजा ५७, बरोबर १९२२. दाखल्यावर पडलं २२ जानेवारी १९२२. पुढं नोकरी लागली, सर्व्हिस बुकात तीच तारीख चढली, आणि अण्णा १९८० च्या जानेवारीअखेर निवृत्त झाले.

अण्णा म्हणत होते की मी १९२३ चा. खातं म्हणत होतं, दाखला दाखवा. दाखला तर १९२२ चा. त्यांनी एकदा अर्ज केला, उत्तर आलं की दाखल्यावरची तारीख अंतिम. खात्याचं नाव मी लिहीत नाही, ती माणसंही आता नाहीत. पण ते एक वर्ष आमच्या घरात चांगलंच जाणवलं. धाकट्या बहिणीचं लग्न त्याच वैशाखात ठरलेलं. वर्षाचा पगार गेला, एक वेतनवाढ गेली, आणि पेन्शन शेवटच्या पगारावर म्हणून तेही कायमचं थोडं कमी बसलं. मी नुकताच ऑफिसर झालो होतो, स्टाफच्या सोसायटीचं कर्ज काढलं. अण्णा आईला एवढंच म्हणाले, “सरकारच्या वहीत मी वर्षभर आधीच जन्मलोय, त्याला तू काय करणार?”

आता पत्रिका उघडून बसलो. वर लिहिलंय: शके १८४४, संवत १९७९, दुंदुभिनाम संवत्सर, माघ शुक्ल पंचमी, इंदुवासर, सूर्योदयात् गत घटी ६ पळे १५, कुंभ लग्न. इंग्रजी तारीख कुठंच नाही. पत्रिका करणाऱ्या जोशीबुवांना तिची गरजच वाटली नसावी.

आधी सालाचं बघू. आपल्याला सगळ्यांना शाळेत शिकवलंय की संवतातून ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा. यातली गोम अशी की हे गणित चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच चालतं. इंग्रजी वर्ष १ जानेवारीला बदलतं, आपलं शक आणि इथलं संवत चैत्रात. मधले तीन महिने, पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन, यांत आपलं साल जुनंच असतं आणि इंग्रजी पुढं सरकलेलं असतं. तेव्हा संवतातून ५६ वजा करायचे आणि शकात ७९ मिळवायचे. म्हणजे अण्णांचा माघ १९२३ चा. फॉर्म लिहिणाऱ्याने ‘शकावरून पडताळून पाहू’ असं म्हटलं असतं, तरी १८४४ अधिक ७८ म्हणजे पुन्हा १९२२ च आलं असतं. दोन साक्षीदार, दोघांची जबानी तंतोतंत सारखी, आणि दोघंही चूक. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे खातं बरोबर आहे असं नाही, हे बँकेत पहिल्याच वर्षी शिकवतात.

ही चूक साधी कारकुनाची नाही, भल्याभल्यांना ती भोवते. पानिपताचं उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी माणसाला झोपेतही सांगता येते. तो दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. १६८२ अधिक ७८ करा, १७६० येतात. इथल्या संवतानं ते १८१७. त्यातून ५७ वजा करा, १७६०. पेशवाईच्या कागदांत असतो तसा शुहूर सन घ्या, तो होता ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, पुन्हा १७६०. तीन वेगवेगळ्या कालगणना, तिन्हींनी पानिपत एक वर्ष आधी होतं. शुहूर सन तर मृगात बदलायचा, म्हणजे त्यात जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे ठाऊक असतं. मॅट्रिकचे फॉर्म भरणाऱ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

संवताचीही पुन्हा दोन घरं. आपल्याकडे माळव्यात संवत चैत्रात बदलतं, गुजरातेत कार्तिकात. म्हणजे चैत्रापासून दिवाळीपर्यंत अहमदाबादचा व्यापारी उज्जैनच्या व्यापाऱ्यापेक्षा एक वर्ष मागं असतो. माझ्या टेबलावर जुनी बहीखाती पुरावा म्हणून यायची, तेव्हा मी आधी विचारायचो की शेठजी, वही दिवाळीची की चैत्राची? लोकांना वाटायचं साहेब भलतेच खोलात शिरतात. (आम्हीही काही कमी नव्हतो. बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं ते १९८९ पासून मार्चला संपू लागलं, तेव्हा जुने खातेदार कितीतरी दिवस व्याज मागायला जानेवारीतच यायचे.)

बरं, साल १९२३ हे मी म्हणतो. पुरावा काय? पुरावा आहे वाराचा. पत्रिकेत इंदुवासर आहे, म्हणजे सोमवार. २२ जानेवारी १९२३ ला सोमवार होता. २२ जानेवारी १९२२ ला रविवार. वार हा फार इमानदार साक्षीदार. शक बदला, संवत बदला, घड्याळ पुढंमागं करा, सात दिवसांची माळ मात्र तुटत नाही. शिवाय तिथी बघा. १९२३ मध्ये अमावास्या १७ जानेवारीला झाली, त्यामुळे शुद्ध पंचमी २२ ला बरोबर येते. १९२२ मध्ये अमावास्या महिनाअखेर होती, म्हणून त्या सालची वसंत पंचमी फेब्रुवारीत पडली. २२ जानेवारी १९२२ ला पंचमी नव्हतीच, पौष वद्य पक्ष चालू होता.

आता इथं एक गंमत आहे, आणि ती उज्जैनकरांनाच कळेल. मी ‘पौष वद्य’ म्हटलं. पण इथल्या हिंदी पंचांगात त्या दिवशी ‘माघ कृष्ण’ लिहिलेलं असणार. आपण मराठी माणसं अमावास्येला महिना संपवतो, माळव्यातले लोक पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, वद्य पक्षात ते आपल्या एक नाव पुढं. म्हणून आपली जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीला आणि शेजारच्या शर्माजींची भाद्रपद कृष्ण अष्टमीला, दिवस मात्र एकच. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण. तेव्हा फॉर्म लिहिणाऱ्यानं जुनं पंचांग काढून ‘जानेवारी १९२२ मध्ये माघ होता का?’ एवढंच पाहिलं असतं, तर ‘हो, होता’ असं उत्तर मिळालं असतं. नशीब एखाद्याच्या पाठीमागं लागतं म्हणतात ते असं.

हा अमांत-पूर्णिमांत गोंधळ आमच्या गावानं मात्र छान मिटवला आहे. महाकालाची सवारी दर श्रावणी सोमवारी निघते. माळव्याचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला मराठी श्रावण तिथून पुढं अमावास्येपर्यंत चालतो. मग सवारी कुणाच्या श्रावणात काढायची? दोघांच्या. इथल्या श्रावणात निघते ती भादव्याच्या कृष्णपक्षापर्यंत चालू राहते, आणि शाही सवारी शेवटी. बाहेरगावचे लोक विचारतात, श्रावण तर संपला, मग ही सवारी कसली? ही शिंदेशाहीची आठवण. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं, आणि १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी मंदिराच्या रीतीत मराठी महिना राहून गेला. कागदावर जे जुळत नव्हतं ते पालखीनं जुळवलं. लहानपणी आम्हाला एवढंच कळायचं की उज्जैनच्या पोरांना श्रावण दीड महिन्याचा असतो.

आता घटी-पळांकडे येतो. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. एका अहोरात्राचे ६० भाग म्हणजे घटी किंवा घटका. एका घटीची ६० पळं, एका पळाची ६० विपळं. तास-मिनिटांत घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. दोन घटींचा मुहूर्त, ४८ मिनिटं. साडेसात घटींचा प्रहर, तीन तास. ‘दुपार’ हा शब्द दोन प्रहरांवरूनच आला. आणि ‘औट घटकेचं राज्य’ आपण म्हणतो, त्यात औट म्हणजे साडेतीन. साडेतीन गुणिले चोवीस म्हणजे ८४ मिनिटं. एक तास चोवीस मिनिटांचं राज्य. आमच्या शाखेत एक हंगामी मॅनेजर आले होते, त्यांना यापेक्षा थोडंच जास्त मिळालं.

सगळ्यात सोयीचा आकडा अडीच. एका तासाच्या अडीच घटी, एका मिनिटाची अडीच पळं, एका सेकंदाची अडीच विपळं. वरपासून खालपर्यंत एकच भाव. म्हणून जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीच्या पुढं अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत, तेव्हा ती काही नुसती पोरांना छळायला नव्हती. अडीचकी पाठ असणाऱ्याला तासाची घटी करायला कागद लागत नाही. अण्णांना ती म्हातारपणीही पाठ होती. मी कॉमर्सचा पदवीधर, मला मात्र दिडकीपुढं जमली नाही.

तर पत्रिकेत काय आहे? सूर्योदयापासून ६ घटी १५ पळं, म्हणजे सव्वासहा घटी. भागिले अडीच. ज्याला अडीचकी येते त्याला दिसेल की अडीच अडीच सव्वासहा. म्हणजे बरोबर अडीच तास. वसंत पंचमीच्या दिवशी सूर्योदयानंतर अडीच तासांनी अण्णा जन्मले. उज्जैनला जानेवारीच्या त्या आठवड्यात सूर्य आजच्या घड्याळानं सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. म्हणजे नऊ चाळीस. आजी सांगायची की नऊ वाजून गेले होते, नैवेद्याचं पुरण शिजत होतं.

आता ‘नऊ’ म्हणजे कुणाच्या घड्याळातले नऊ? इथून पुढं मला आमच्या वेधशाळेत जावं लागलं.

उज्जैनची वेधशाळा, आपण ज्याला जंतरमहाल म्हणतो, जयपूरच्या सवाई जयसिंहांनी बांधली. ते माळव्याचे सुभेदार होते. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच वेधशाळा त्यांनी उभ्या केल्या. उज्जैनच का, तर आपल्या जुन्या ज्योतिषात शून्य रेखांश इथूनच जायचा. सूर्यसिद्धान्तात लंका, अवंती, रोहितक, कुरुक्षेत्र आणि मेरू अशी रेषा सांगितली आहे. या रेषेवरची वेळ ती मूळ वेळ, बाकी गावांनी तिच्यात ‘देशांतर’ संस्कार करायचा. वराहमिहिर याच मुलखातले. अरबी ज्योतिष्यांनी ही रेषा घेतली, पण त्यांच्या लिपीत उज्जैनच्या ‘ज’ चा उच्चार ‘झ’ सारखा झाला, मग एक नुक्ता गळाला आणि त्याचा ‘र’ झाला. युरोपात ते ‘अरीन’ म्हणून पोचलं, आणि कोलंबसाच्या पत्रातसुद्धा हे अरीन आहे. एका नुक्त्यानं गाव हरवलं. बँकेत एका टिंबानं काय होतं ते मी सांगायला नको.

पुढं वेधशाळा पडझडीला आली. उज्जैनच्या पंडित नारायणजी व्यासांनी, म्हणजे सूर्यनारायण व्यासांच्या वडिलांनी, पाठपुरावा केला, आणि महाराज माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली. हो, अण्णांच्याच सालात. त्या वेधशाळेचे पहिले अधीक्षक गणकचूडामणी गोविंद सदाशिव आपटे, आपला मराठी माणूस. १९४२ पासून तिथून दरवर्षी ग्रहांचं पंचांग निघतं. बाकीच्या जंतरमंतरांत लोक फोटो काढायला जातात, उज्जैनच्या वेधशाळेत अजून काम चालतं.

तिथल्या सम्राट यंत्राची कर्णभिंत २३ अंशांवर तिरपी आहे, कारण उज्जैनचं अक्षांश २३ अंश ११ कला. भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर पडते आणि वेळ दाखवते. शाळेच्या सहलीत आम्ही मास्तरांच्या मनगटावरचं घड्याळ आणि ती सावली ताडून पाहिली होती, आणि मोठ्यानं ओरडलो होतो की गुरुजी, यंत्र मागं आहे! गुरुजी म्हणाले, यंत्र नाही रे, घड्याळ पुढं आहे. शेजारी भिंतीवर तक्ता लावलेला आहे, कुठल्या दिवशी सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची याचा. तो तक्ता मी साठ वर्षांत कितीदा पाहिला, पण नीट वाचला तो आता.

हिशेब असा. पृथ्वीचे ३६० अंश २४ तासांत फिरतात, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. घटी-पळांत तर हे अजून सुबक आहे. ३६० अंशांना ३६०० पळं, अंशाला बरोबर १० पळं. उज्जैनचा रेखांश ग्रीनिचपासून ७५ अंश ४६ कला. त्याचे होतात ५ तास ३ मिनिटं ४ सेकंद. आपलं भारतीय घड्याळ चालतं ८२॥ अंशांवर, मिर्झापूरजवळच्या रेषेवर, साडेपाच तास पुढं. वजाबाकी करा, २६ मिनिटं ५६ सेकंद. घड्याळात बारा वाजले की उज्जैनचे खरे बारा व्हायला अजून २७ मिनिटं असतात. त्यात सूर्य वर्षभर सारख्या चालीनं जात नाही, म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला आणखी १४ मिनिटं मिळवावी लागतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ वजा करावी लागतात. म्हणजे तोच तक्ता कधी ४१ सांगतो, कधी ११ पेक्षाही कमी.

ही सत्तावीस मिनिटं आपण रोज विसरतो. रामनवमीला आपण घड्याळात बारा वाजले की पाळणा हलवतो आणि सुंठवडा वाटतो. त्या वेळी उज्जैनला सूर्य माथ्यावर आलेलाच नसतो, तो येतो साडेबाराच्या सुमाराला. मुंबईत तर पाऊण वाजायला येतो. आमच्या कॉलनीतल्या राममंदिरात मी हे एकदा बोललो. पुजारी म्हणाले, काका, प्रसाद घ्या.

संकष्टीचंही तसंच. कालनिर्णय १९७३ साली निघालं आणि दोन-तीन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात लागलं. आई पुढच्या पानावरची चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडायची आणि म्हणायची, चंद्र तर केव्हाचा वर आलाय. ती वेळ मुंबईची. मुंबई आपल्या पश्चिमेला तीन अंशांना थोडी कमी, जवळजवळ तीस पळं, म्हणजे बारा मिनिटांचा फरक रेखांशानंच पडतो. गावोगावच्या चंद्रोदयाचा तक्ता त्यातच असतो, हे मी आईला दाखवलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, इतकी वर्षं बारा मिनिटं उपाशी ठेवलंत.

ही भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती काही सगळ्यांनी मुकाट्यानं घेतली नाही. मुंबईची स्थानिक वेळ होती ग्रीनिचपुढं ४ तास ५१ मिनिटं, नवी वेळ तिच्या ३९ मिनिटं पुढं. गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेनं मुंबई टाइमच चालू ठेवला, आणि ही दोन घड्याळं मुंबईत १९५५ पर्यंत नांदली. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. आपले जुने नातेवाईक ‘इष्टांडर टायम’ म्हणायचे ते यामुळेच, नुसतं ‘टायम’ म्हणून भागत नव्हतं. महायुद्धात तर १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत देशभर घड्याळं आणखी एक तास पुढं होती. माझी थोरली बहीण १९४४ ची. तिची जन्मवेळ घरात ‘सकाळचे आठ’ म्हणून सांगतात. घड्याळात आठ असतील तर आजच्या हिशेबानं सात, आणि उज्जैनच्या सूर्याच्या हिशेबानं सात वाजायलाही जवळजवळ अर्धा तास कमी.

अण्णांच्या पत्रिकेचं मोल मला इथं कळलं. माझ्या नातवानं मोबाइलवरच्या ॲपमध्ये २२ जानेवारी १९२३, उज्जैन, नऊ चाळीस असं घातलं. लग्न कुंभ आलं. पत्रिकेतही कुंभच. मग तीच नऊ चाळीस ही उज्जैनची जुनी स्थानिक वेळ धरून त्यात २७ मिनिटं मिळवली, तर लग्न मीन झालं. पत्रिकेवर माझा स्वतःचा फार विश्वास नाही, माझं लग्नही पत्रिका न पाहता झालं. पण गणित म्हणून पाहा. घड्याळ धरून चाललो तर आधी ते घड्याळ कुणाचं हे ठरवावं लागतं. जोशीबुवांनी घड्याळ धरलंच नाही. त्यांनी सूर्योदयापासून मोजलं. सूर्य उज्जैनला उगवला तेव्हा शून्य, आणि पुढं सव्वासहा घटी. त्यात ना ग्रीनिच, ना मिर्झापूर, ना महायुद्ध.

ते मोजायचे कसं हा प्रश्न नातवानं विचारला. मी लहानपणी एका मुंजीत घटिकापात्र पाहिलंय. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला बारीक भोक. पाणी चढत चढत वाटी भरते आणि बुडते, की एक घटका. ‘घटका भरली’ हा शब्द तिथून आला. आमच्या भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मोती पडून वाटीचं भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. ती गोष्ट येते फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरात. खरी असो नसो, घटका मोजणाऱ्याला भोकावर नजर ठेवावी लागते एवढं त्यातून नक्की कळतं. अण्णांच्या वेळी वाटी होती की कुणाचं खिशातलं घड्याळ, ते सांगायला आता कुणी नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिनं राष्ट्रीय पंचांगासाठी एक मध्यवर्ती ठिकाण धरलं, ते असं: रेखांश ८२॥ अंश, प्रमाणवेळेचा. आणि अक्षांश २३ अंश ११ कला. म्हणजे आपल्या उज्जैनचा. २२ मार्च १९५७ ला, चैत्र १, शके १८७९ ला, ते पंचांग लागू झालं. अर्ध गाव तरी घेतलं म्हणायचं.

आणि आता तर २९ फेब्रुवारी २०२४ ला वेधशाळेच्या आवारात ८५ फुटी मनोऱ्यावर विक्रमादित्य वैदिक घड्याळ लागलं. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त, प्रत्येक ४८ मिनिटांचा. बघायला गर्दी असते. लोक आपल्या मनगटाकडे बघतात, वर बघतात, आणि विचारतात की मग ट्रेन किती वाजता? मला ते घड्याळ आवडलं. फक्त मुहूर्ताला तिथं ‘तास’ म्हटलेलं ऐकलं की जीव खालीवर होतो. तास साठ मिनिटांचाच राहू द्या, मुहूर्ताला त्याचं स्वतःचं नाव आहे.

असो. मी एक कागद घेतला, बँकेत घ्यायचो तसा, मधोमध रेघ मारून. डावीकडे दाखला, उजवीकडे पत्रिका. साल, महिना, तिथी, वार, वेळ. डावीकडच्या तारखेला वार रविवार निघतो, तिथी वद्यातली. उजवीकडे सोमवार, पंचमी, नऊ चाळीस, सगळं एकमेकांना धरून. खाली लिहिलं: फरक एक वर्ष, ३६५ दिवस. सही केली, तारीख घातली, शक आणि संवतासकट. धाकटी बहीण सध्या भोपाळला असते, तिला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या लग्नात अण्णा खरं तर नोकरीतच होते.”

कागद पत्रिकेबरोबर त्याच लाल फडक्यात बांधून ठेवला आहे. येत्या वसंत पंचमीला अण्णांच्या फोटोला हार घालू, तेव्हा घड्याळात नऊ चाळीस व्हायची वाट बघणार आहे.

कुणाकडे घरात जुन्या पत्रिका असतील आणि माघ-फाल्गुनातल्या कुणाचा जन्म असेल, तर साल एकदा वाराशी ताडून बघा. अडलं तर मला कळवा, मी रिकामाच आहे.